डावा सुळा

प्रिय हट्टीबाई,

तुझं पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं. म्हणे, पुतळे बस झाले, एक तारखेपासून तुझ्याबरोबर कवळ्या करायला येते. वा गं वा! चार वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगत होते, की मातीत हात घालून पोट भरत नाही, माझ्याकडे ये, दात बनवायला शिक. तेव्हा माझं एक अक्षर ऐकलं नाहीस. आणि आता, प्रदर्शनाला महिना उरला असताना, आईचं ऐकायचं सुचलं?

तुझा मामा तर हरखलाच. पोरगी एकदाची ताळ्यावर आली म्हणाला. वाक्य माझंच, मीच त्याच्या कानीकपाळी ओरडत आलेय. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि अशी तिडीक गेली मस्तकात, की त्याच्यापुढचा अर्धा चहा उचलून मोरीत ओतला. शेजारणीला मी सांगून ठेवलंय, की तू कारखान्यात साचे बनवतेस. लाज वाटायची गं. आता ते आठवलं तरी मलाच कसंतरी होतं.

तू पाठवलेला बाबांच्या पुतळ्याचा फोटो आठ दिवस माझ्या कामाच्या टेबलावर आहे. कपाळ तेच, कान तेच. पण दात! अगं, काय ते दात, जाहिरातीतल्यासारखे सरळ! त्यांचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता, म्हणून हसताना ओठ एका बाजूला अडकायचा. तू लिहितेस, चेहरा जिवंत होत नाही, म्हणजे मला ही कला जमतच नाही. डोंबल! दात चुकलेत, बाकी काही नाही. ते गेले तेव्हा तू लहान, आणि फोटो काढताना ते तोंड मिटून बसायचे, तुला दिसणार कुठून? मला विचारायचंस. पण विचारणार तरी कशी म्हणा, पुतळ्यांचा विषय निघाला की मी ताटावरून उठायचे.

तेव्हा नीट ऐक, माझ्याकडे तुझ्यासाठी खुर्ची नाही. सोबतच्या डब्यात कापसात गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा आहे. बाबांची दाढ बसवताना मीच केलेला. ते गेल्यावर जुने सगळे साचे फेकले, हा फेकवला नाही. नऊ वर्षं खणात आहे. यावरून सुळा बसव आणि पुतळा प्रदर्शनाला दे. मी येणार, मामालाही ओढून आणणार, आणि दात चुकलेले दिसले तर चारचौघांत बोलेन. काम झालं की जबडा आठवणीने परत दे. मला तो लागतो.

तुझीच, अजून चिडलेली,
आई