दोन करीमी, एक कार्ड

मी, सुलेखा शैलेंद्र वर्तक, वय एकाहत्तर, पूर्वी संशोधक आणि आता गुडघ्यांची रुग्ण, राहणार बुकित बातोक, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. दडपणाखाली आणि दडपणाशिवाय, दोन्ही प्रकारे गप्प बसून पाहिले आहे, त्यामुळे फरक कळतो. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव मुलगा अंकुर याला. त्याने फ्लॅट खुशाल विकावा. ईस्ट कोस्टचा काँडो सोडून तो इकडे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझी नथ सून चैत्राली हिला. आजारपणात तिने माझे सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही.

२. फारसीचे दोन्ही कोश ज्याला हवे असतील त्याला द्यावेत. पेशवाईतले फारसी कागद वाचता यावेत म्हणून मी पुण्यात ती भाषा शिकले. पुढे शैलेंद्रच्या बँकेने आम्हाला इथे आणले, आणि पेशव्यांऐवजी इराणचे सेनापती माझ्या वाट्याला आले. संसार कुणाचा आणि कशासाठी शिकलेली विद्या कुठे गेली, याबद्दल शैलेंद्रशी भांडायचे राहून गेले.

३. लोखंडी कपाटातली कार्डे. आता शहराच्या वन-नॉर्थ भागात गेलेल्या संशोधन संस्थेत मी एकोणीस वर्षे एकच काम केले. क्रांतीनंतर इराणमध्ये दोन फौजा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या: शहाच्या काळापासूनची जुनी फौज आणि क्रांतीने जन्माला घातलेले रक्षकदल. वरती हुकूम एकाचाच. पण खाली कोण कोणाच्या वर, हे कुठे छापून येत नाही. मी ते शोकसंदेशांतून काढत असे. एखाद्या अधिकाऱ्याची आई गेली की वर्तमानपत्रात सांत्वनाचे निवेदन येते. त्याखाली नावे कोणत्या क्रमाने आहेत आणि कोणाचे नाव मुद्दाम गाळले आहे, हे वर्षानुवर्षे टिपले की फौजेचा खरा उतरंडीचा तक्ता तयार होतो. अंकुर इथल्या ढंगात म्हणतो, "आई, थ्रो अवे लाह, सगळं नेटवर असतं." नसते.

४. संस्थेतले माझे वरिष्ठ डॉ. प्रताप दिघे यांना त्यांच्याच पुस्तकाची माझ्याकडची प्रत परत पाठवावी. तो तक्ता २००४ साली त्यांच्या नावाने छापला गेला. माझे नाव ऋणनिर्देशात आहे, टंकलेखकाच्या खाली. इतकी वर्षे नावांचा क्रम वाचून पोट भरलेल्या बाईला त्या पानाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि अंत्यविधीला त्यांना बोलावू नये.

५. त्या तक्त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. रक्षकदलातले दोन करीमी मी एकाच कार्डावर टिपले. एक १९८६ साली लढाईत मारला गेला, दुसरा हयात. पुस्तक निघाल्यावर वर्षभराने मेलेल्या करीमीच्या स्मृतिदिनाचे निवेदन हाती आले. खाली सही करीमीचीच होती. स्वतःच्या श्राद्धाच्या निवेदनावर माणूस सही करत नाही. म्हणजे माझ्या तक्त्यात एक मेलेला माणूस अठरा वर्षे बढत्या घेत होता. मी कार्डे वेगळी केली आणि गंमत बघत बसले. तोंडघशी पडणार होते ते प्रताप.

पडली ती ऋता सामंत. संस्थेत नवीन, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर आलेली. २००६च्या बैठकीत तिने उभे राहून सांगितले की ही दोन माणसे असावीत. प्रताप हसले. "सुलेखाताई, तक्ता तुमच्या नजरेखालून गेलाय. काय म्हणता?"

मी म्हटले, "तपासावं लागेल."

एवढेच. त्या दिवशी, त्या एका प्रश्नापुरता, त्यांनी तक्ता माझा मानला होता, आणि मला तो सोडवेना. ऋताचे कंत्राट वाढले नाही, पास रद्द झाला, महिनाभरात तिला देश सोडावा लागला. आता ती नाशिकला शाळेत शिकवते. सगळी कार्डे, मूळ निवेदनांसह, ऋताला द्यावीत. तिने नाकारली तर तिला आग्रह करू नये.

~~६. माझ्या मृत्यूनंतर सोबतची दोन पत्रे, एक ऋताला आणि एक प्रकाशकाला, मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी टपालात टाकावीत. त्यांत चूक माझी आणि ऋता बरोबर, असे लिहिले आहे.~~

वरील कलम खोडल्याचे कारण: साक्षीला बोलावलेली शेजारीण नीता हिला मी ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर कबुली? मग त्या पोरीनं भांडायचं कुणाशी, ताई? तुमच्या फोटोशी?" मला राग आला. मग आम्ही दोघी खाली जाऊन दोन्ही पत्रे टाकून आलो. ऋताच्या पत्रात टाकण्याआधी माझा फोन नंबर लिहिला. तो वाजला तर मीच उचलणार आहे, आणि मला भीती वाटते आहे.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक: माझे वकील वरुण चोणकर.

साक्षीदार: नीता केळुसकर, वरुण चोणकर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या आणि खोडलेल्या जागी आद्याक्षरे घातली.

सुलेखा शैलेंद्र वर्तक
बुकित बातोक, सिंगापूर
१४ ऑगस्ट २००९