हसून दाखवा

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. औषधांच्या दुकानात जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तुमचं अक्षरही त्याच वळणावर गेलं आहे, त्यामुळे खुशाली निम्मी अंदाजाने वाचली. दाताबद्दलची ओळ मात्र लागली. काढून घ्या, असं तुम्ही लिहिलंत. मलाही तेच वाटत होतं. तुमचे दादा गेल्यापासून एकटीचं ताट. एक दात कमी झाला तर कुणाचं काय अडणार आहे?

म्हणून शाळा सुटल्यावर गेले. दातांच्या डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, पण धाकात ठेवतात. दात काढा म्हटल्यावर त्यांनी आधी एक्स-रे काढला, मग प्लास्टरचा जबडा हातात घेऊन मलाच धडा दिला. दात वरचा, सुळ्यामागचा. कीड आतल्या नसेपर्यंत गेली आहे, पण मूळ भक्कम आहे. काढला तर फट राहील आणि शेजारचे दात तिकडे कलतील. ती भरायची तर दोन्ही शेजाऱ्यांना तासून त्यांच्यावर पूल बांधायचा, नाही तर हाडात स्क्रू बसवून वर नवा दात. त्यापेक्षा रूट कॅनाल करून आहे तोच राखावा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या दुखण्यापायी चांगल्या शेजाऱ्यांना तासणं मला पटेना. हो म्हटलं.

नस काढून झाली, मुळं साफ करून भरली, ठणका गेला. आता असा दात ठिसूळ होतो म्हणून वर कॅप हवी. धातूची की दाताच्या रंगाची, हे तो हसताना दिसतो का त्यावर ठरवायचं, म्हणून त्या म्हणाल्या, जरा हसून दाखवा. वन्सं, मला जमेना. आरशात नुसते दात विचकले गेले. शेवटी मीच सांगितलं, धातूची बसवा, मी हसत नाही. पुढच्या गुरुवारी माप द्यायचं आहे.

मुलांना आशीर्वाद. माया आहे ती अशीच असू द्या.

तुमची,
वहिनी


ता. ८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानातल्या स्टुलावरून पडायचीच राहिले. मी तुम्हाला दात काढायला कधी सांगितलं? मी लिहिलं होतं, काढा करून घ्या. लवंगेचा काढा, डॉक्टरकडे जाईपर्यंत गुळण्या करायला. वर्गभर पोरांची गणितातली गिचमिड सोडवता आणि नणंदेचा एवढासा काढा तुम्हाला वाचता आला नाही? आमच्याकडचे म्हणतात, नशीब वहिनींचं डोकं दुखत नव्हतं.

ते असो. धातूची कॅप म्हणे, आणि मी हसत नाही म्हणे. तुम्ही स्वयंपाकघरात हसलात की दादा अंगणातून विचारायचा, भांडी पडली का. त्या हसण्यात सुळ्यामागचाच काय, अक्कलदाढसुद्धा दिसायची. आता हसणं तुम्हाला चोरीसारखं वाटतं, हे मला कळतं. मीही गिऱ्हाइकाशी हसून बोलले की मागाहून मन खातं. पण कॅप वर्षानुवर्षं राहणार. उद्या हसू आलंच तर तोंडावर हात धरून बसाल. दादाला जे सगळ्यात आवडायचं तेच त्याच्या नावाने बंद केलंत, तर त्याला बरं वाटेल का, तुम्हीच सांगा.

दाताच्या रंगाचीच बसवा. लहान तोंडी मोठा घास घेतला, पण घेतला. राग आला तर भांडायलाच या, पण या.

तुमची आगाऊ
नणंद


ता. १३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेतून निघताना हाती पडलं, ते दवाखान्यात बाकावर बसून फोडलं. डोकेदुखीच्या ओळीपर्यंत आले आणि आवरेना. समोर एक गृहस्थ गाल धरून बसले होते. त्यांना वाटलं, मी त्यांच्या सुजेला हसते. माफी मागायला गेले तर आणखीच फुटले. काय झालं म्हणून विचारलं त्यांनी, तर पत्रच पुढे केलं. त्यांना अक्षर लागेना, म्हणून वाचून दाखवलं. मग तेही हसू लागले, दर हसण्याला आई गं म्हणत. आवाज ऐकून डॉक्टर हातमोज्यांनिशी बाहेर आल्या, माझ्या तोंडासमोर वाकून पाहिलं आणि मदतनीस मुलीला सांगितलं, रंगांची पट्टी आण.

खुर्चीत मात्र थोडी रडले. दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. ही गंमत कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं होतं, आणि घरी ते नव्हते. एवढंच. त्यांनी पाणी दिलं, थांबल्या, मग कामाला लागल्या. पट्टीवरच्या दातांत माझा रंग पार शेवटून दुसरा निघाला, चहाकडे झुकलेला. थोडा उजळ देऊ का, म्हणाल्या. नको, माझाच द्या म्हटलं. तात्पुरती कॅप बसली आहे. खरी पुढच्या आठवड्यात येईल.

घरी आले तरी हिरडीत दिलेल्या इंजेक्शनने ओठ बधिरच होता. कोमट चहा हनुवटीवरून गळ्यात आणि तिथून दहावीच्या वह्यांवर. पुसायला उठले तर आरशात एका बाजूने लोंबणारं तोंड दिसलं आणि पुन्हा सुटले, एकटीच, इतकी की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, कोण आलंय. लुळ्या ओठांनी जमेल तेवढं स्पष्ट सांगितलं, "कोणी नाही. मीच आहे."

लोभ कमी पडू देऊ नका, इकडूनही पडणार नाही.

तुमची,
वहिनी