सत्तावीस मार्चची स्लिप

मी, रखमाजी धर्माजी काकडे, वय एकाहत्तर, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, गावच्या दूध संस्थेचा निवृत्त सचिव, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. मला दाबू शकेल असे घरात कोणी नाही.

१. राहते घर मुलगा सूरज याला. तो पुण्याहून फोन करतो तेव्हा आधी सातबारा विचारतो, मग तब्येत. सून श्रेया हिने घर विकायची घाई वर्षश्राद्धापर्यंत आवरावी.

२. बँकेतील मुदत ठेवी मुलगी प्राची हिला. लोभ म्हणून नव्हे, सूरजला मिळू नयेत म्हणून.

३. कॅनॉलकडेचे बारा गुंठे सूरजला. ही जमीन मूळची सावळेराम हांडे याची. तो संस्थेत माझ्या हाताखाली कॅशियर होता. १९९५ च्या वार्षिक सभेत मी बेरीज वाचत असताना तो मध्येच म्हणाला, "भाऊ, तुमचा येक हातचा ऱ्हायलाय." सगळी सभा हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात बसला.

पुढच्या वर्षी सत्तावीस मार्चला त्याने मुंबईच्या डेअरीचा अठरा हजार सहाशेचा चेक बँकेत भरला आणि वहीत जमा धरला. परगावचा चेक, वटायला तीन आठवडे. एकतीस मार्चला पासबुकात तेवढी रक्कम कमी दिसणारच. त्यासाठी ताळमेळ पत्रकात एक ओळ लिहायची असते: भरलेला, पण न वटलेला चेक. पत्रक मी करत असे. ती ओळ मी लिहिली नाही, आणि बँकेच्या शिक्क्याची स्लिप फाइलीतून काढून घरी आणली.

संचालक त्याच्यावर तुटून पडले. "चेक भरलाय व्हो, देवाशपथ!" तो रडत होता. "मग स्लिप दाखव," मी म्हणालो. पोलीस नकोत म्हणून त्याने आठवड्यात पैसे भरले. त्यासाठी हे बारा गुंठे विकायला काढले आणि पडत्या भावात मीच घेतले. नोकरी गेली ती गेलीच. सतरा एप्रिलला चेक वटला. जादा रक्कम मी किरकोळ जमेत दाखवली. त्यातून ऑफिसला पंखे आले आणि मला फिरती खुर्ची.

त्याच्या बायकोला, सोनीबाईला, अजून कोणी भिशीत घेत नाही. तो मात्र, स्लिप आपणच हरवली, भाऊंनी तुरुंगातून वाचवले, असे गावभर सांगतो.

४. स्लिप कपाटात पासबुकाच्या कव्हरमध्ये आहे. माझ्या दशक्रियेला कुकडीच्या घाटावर सावळेराम श्रद्धांजलीला उभा राहील, हे नक्की. त्याला पोटभर बोलू द्यावे. मग सूरजने स्लिप त्याच्या हातात ठेवून हा कागद माइकवर वाचावा. जमीन परत देऊ नये. मला पश्चात्ताप नाही. बारा वर्षे मला ती सभा सलते आहे. उरलेली वर्षे त्याला हा घाट सलू दे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले. सावळेरामला काही द्यायचे नाहीच, म्हणून त्यालाच बोलावले आहे.

ठिकाण: पिंपळवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २००७
सही: रखमाजी धर्माजी काकडे

साक्षीदार: (१) दस्तगीर हुसेन आतार, जुन्नर
(२) सावळेराम गेणभाऊ हांडे, पिंपळवंडी

दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर सह्या केल्या. वाचून बघ, असे मी सावळेरामला दोनदा म्हणालो. "चष्मा घरीच ऱ्हायला, भाऊ. तुमी लिवलंय म्हंजी बरूबरच आसल," असे म्हणून त्याने सही केली आणि माझ्या पाया पडला.