हातची सायकल

७ सप्टेंबर, रविवार
ठरलं. सायकल स्वतः जोडणार. तीही फिक्स्ड गिअर. पाय थांबले की चाक थांबतं, मध्ये कुणाची लुडबुड नाही. मेहुण्याने, रेन्जीने, रेडीमेड घेतली. सासूबाईंसमोर मला म्हणे, दाजी, तुम्हाला नाही जमायचं, माझ्यासारखी तयार घ्या! तळपायाची आग मस्तकात गेली. सांगून टाकलं, तीन नोव्हेंबरच्या सुट्टीला अराकावा नदीच्या बांधावर शर्यत. मी माझ्या हातच्या सायकलवर. हरलो तर तुझी सायकल सगळ्यांसमोर पुसेन. चिझुरु म्हणाली, अहो, आधी बाथरूमचा नळ जोडा. बायकोचा एवढाच पाठिंबा.

१९ सप्टेंबर
ऑनलाइन घेतलेली जुनी फ्रेम आली. चाक बसेना. फ्रेम अरुंद, चाक रुंद. विकणाऱ्याला लाज नाही. फ्रेम पायाने फाकवली. बसलं. यालाच कारागिरी म्हणतात.

४ ऑक्टोबर
मागचा गिअर धरून ठेवणारी रिंग आवळावी तेवढी सैल! अख्खी दुपार गेली. चिझुरु कपडे वाळत घालता घालता म्हणे, उलटे आटे असतील, उलटं फिरवून बघा. हिला काय कळतं! ती दुकानात गेल्यावर उलटं फिरवलं. बसली. योगायोग.

१२ ऑक्टोबर
पहिली फेरी. चेन उतरली, चाक जाम, मी हिरुकावाबाईंच्या कुंड्यांत. बाई आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या प्रमुख. म्हणाल्या, मोठा कचरा असा टाकता येत नाही, वॉर्ड ऑफिसात फोन करा, तारीख घ्या, पैसे भरून स्टिकर लावा. माझ्या सायकलला कचरा! संतापून दोनदा वाकलो, माफी मागितली आणि वर आलो.

२५ ऑक्टोबर
रेडीमेड घेतली. हा पराभव नव्हे, वेळेचं नियोजन. कंपनीची नावं खरवडली. कोऱ्या रंगावर सँडपेपर मारला. हँडलला जुनी टेप गुंडाळली. आता हातची दिसते. माझ्या हातच्यापेक्षा जास्त हातची दिसते. जुनी न्यायला वॉर्डात फोन केला. ३० तारीख मिळाली. स्टिकर आणलं.

३० ऑक्टोबर, सकाळी
जुनीला स्टिकर लावून खाली ठेवली. नवी शेजारीच भिंतीला टेकवून चहा प्यायला वर आलो. परत जातो तर कचऱ्याची गाडी येऊन गेलेली, जुनी जागेवर, नवी गायब! हिरुकावाबाई हसतमुखाने म्हणतात, तेलकट नळीवरून स्टिकर सुटून खाली पडलं होतं, मग दोन्हींतली जी जास्त भंगार दिसली तिला मी घट्ट चिकटवलं. वर म्हणतात, शेजारधर्म आहे, आभार कसले. आभार मानावे लागले! डोकं फुटायची वेळ आली. वॉर्डात फोन केला. सायकलचा चुरा झाल्याचं अत्यंत नम्रपणे कळवलं.

३ नोव्हेंबर
जुनीवर गेलो. दुसरी होती कुठे? पहिल्या पुलाच्या आधीच चेन उतरली. पुढे ढकलत नेली. रेन्जी जिंकून परत आला, माझी सायकल चहूबाजूंनी न्याहाळली आणि गंभीरपणे विचारलं, दाजी, खरंच स्वतः जोडलीत? नव्या सायकलसाठी केवढं भाषण पाठ केलं होतं! काही बोलायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, अरे विचारतोस काय, दिसतंच आहे की. चिझुरु हसून हसून गवतावर बसली.
मग सगळे आमच्याकडे आले. चिझुरुने न मागता फडकं दिलं. रेन्जीची सायकल पुसली, सगळ्यांसमोर. मेली फार सुबक आहे. याचा सगळ्यात जास्त राग आला.
फडकं धुवायला बाथरूममध्ये गेलो. नळ हातात आला.