रिकाम्या जेलचा रंग

आगरदांडा

प्रिय अरिबा,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: आकडे मनाने लिहिल्याची जी लेखी कबुली तू दिलीस, ती खोटी आहे. मी रागावलेलो आहे आणि तो राग झाकणार नाही. परंतु त्यामुळे युक्तिवाद ढिला पडू नये, एवढी काळजी घेईन.

विद्यापीठाच्या चौकशी समितीचा आक्षेप आधी मांडतो. समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलमध्ये तू कूर्चेच्या, म्हणजे सांध्यांतल्या मऊ हाडाच्या, पेशी वाढवल्यास आणि त्यांनी किती कूर्चाद्रव्य घडवले, ते निळ्या रंजकाने मोजलेस. कूर्चेतल्या गंधकयुक्त लांब साखळ्या भेटल्या की हा रंजक जांभळा होतो; जांभळा जितका गडद, तितके द्रव्य अधिक. तुझ्या एका तुकडीतल्या पेशी सुरुवातीलाच मेल्या, तरी आकडे चढेच राहिले. मेलेल्या पेशी कूर्चा घडवत नाहीत; म्हणून आकडे बनावट. निष्कर्ष सुबक आहे, आधार कच्चा. रंजकाला केवळ कूर्चाच जांभळे करते, हे त्या विद्वानांनी गृहीत धरले. जेल कशाचे आहे, हे एकानेही विचारले नाही.

शेवाळाच्या जेलमधल्या साखळ्यांवरही गंधक असते. म्हणून पेशी न घातलेले जेल वेगळे मोजून त्याचा आकडा वजा करायचा असतो. तू ते मोजायला निघाली होतीस. तुझ्या मार्गदर्शक बाई ‘नंतर बघू’ म्हणाल्या आणि तू मान डोलावलीस. ही मान डोलावण्याची सवय तुला कुणी लावली?

अलिबागच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या विनेशकडून मी तेच रिकामे जेल तुझ्याच पद्धतीने विरघळवून घेतले. रंजक घालताच नळी जांभळी झाली. विनेश गोंधळून म्हणाला, “सर, यात एक पेशी नाय टाकली अजून.” मी म्हणालो, हेच मला हवे होते. त्याचे निकाल सोबत आहेत. तुझे आकडे प्रामाणिक होते. त्यांचा अर्थ चुकला होता. लबाडी आणि चूक यांत फरक न करणाऱ्यांनी परीक्षक होऊ नये.

आणि तू? उरणच्या त्या ऑफिसात कंटेनरचे नंबर उतरवतेस. तुझी अम्मी, रेहाना, मला सुनावते, “भाईजान, पोरगी दोन घास सुखाने खाते. तुमचं निळं पाणी आता राहू द्या.” सोमवारी समिती तुझी पीएचडीची नोंदणी कायमची रद्द करणार आहे. तू स्वतः कबुली मागे घेतल्याशिवाय माझ्या पुराव्याला तिथे किंमत नाही.

तुला सही करायला कुणी भाग पाडले, हे शोधण्यात मी दोन महिने जळलो. काल रेहानालाच विचारले. ती भांडी घासता घासता म्हणाली, “तुम्हीच की. सहीआधी तिने तुम्हालाच फोन केला होता.” खरे आहे. तू म्हणालीस, “मामू, आकडे खरे आहेत.” नमुन्यांविषयी मी एक अक्षरही विचारले नाही. ‘आपल्या घरात केलेले कबूल करतात,’ एवढे बोलून फोन ठेवला. ज्या मुलीला मी विचार करायला शिकवले, तिला मी पुराव्याविना दोषी ठरवले. ही चूक माझी, एकट्याची. समितीलाही हे सहीनिशी कळवले आहे. सोमवारी मी समितीच्या दाराशी उभा असेन. तू यावेस.

तुझाच,
हमीदमामू