माझ्यामागून म्हणा

५ फेब्रुवारी
गोंदिया सुटलं, रायपूर आलं! पियुषचं चौबे कॉलोनीतलं घर ऐसपैस आहे, गॅलरीत कोवळं ऊन. खोलीखोलीत छताला गोल स्पीकर. याले लाईट कुठून भेटते, विचारलं. पोट्टा हसला. म्हणे, बाबा, या एकाच निळ्या वायरीतून आवाजबी जाते आन् लाईटबी. वायर काढली का गप्प. सगळ्या वायरी कपाटातल्या एका डब्यातून निघतात. एकाच शिरेतून रक्त आणि गाणं! हे लिहितानाही मोठ्यानं म्हणतोय. अडतीस वर्षांची फळ्याची खोड.

९ फेब्रुवारी
पियुष आणि सूनबाई महिनाभर बंगलोरला, कामानिमित्त. दुपार सरता सरत नाही. जेवून पाचवीची पावसाची कविता म्हटली. थांबलो, तर स्पीकरमधून अख्खा वर्ग माझ्यामागून हेल काढून म्हणत होता. पियुषनं गंमत भरून ठेवली असेल. एका ओळीवर पोरं अडली. मास्तरला राहवतं का? पुढची सांगितली. दुपार छान गेली.

१४ फेब्रुवारी
रोज दोनला वर्ग भरतो. अडले की सांगतो. समोरच्या अंजनाबाईंनी विचारलं, गुरुजी, ट्यूशन लावली काय? लय पोट्टे कल्ला करून राहिले. मी हव म्हणालो. किती दिवसांनी कुणी गुरुजी म्हणालं.

१७ फेब्रुवारी
पावसाची कविता आठवेना. एक ओळ नाही. बाकीच्याही पडताळून पाहिल्या. जी जी ओळ पोरांना सांगितली, ती ती माझ्यातून गेली. त्यांना मात्र सगळं पाठ.
पियुषला फोन केला. त्यानं काहीच भरलेलं नाही. म्हणाला, काहून घाबरून राहिले बाबा, वायरी काढून टाका.

१८ फेब्रुवारी
डब्यातल्या सगळ्या वायरी उपटल्या. दोनला वर्ग भरला. आता आधी ते म्हणतात, त्यांच्यामागून मी—

२० फेब्रुवारी
एकच कविता उरली. लग्नाच्या वर्षी बायकोवर केलेल्या दोन ओळी, शेवटचा शब्द तिचं नाव. गोदावरी म्हणायची, कागद उंदरं खातात, तुमच्या तोंडातच राहू द्या. तिला जाऊन सहा वर्षं झाली. या ओळी द्यायच्या नाहीत. तोंड बंद.

२१ फेब्रुवारी
गुरुजी, पुढं? गुरुजी, पुढं? सगळ्या खोल्यांतून. दुपारभर. काहीतरी तोंडून निसटलं—
आता म्हणतायत: शाळा सुटली, वाट संपली, दिवा नव्हता घरी.
सुंदर ओळ. कुणाची असेल?

२२ फेब्रुवारी
दुसरी अजून आहे. लिहूनच ठेवतो. माफ कर गं, कागदावर—
अंधाराला उजेड फुटला, हसली
वर्ग एकदम गप्प. ऐकतोय. मी मोठ्यानं म्हणत लिहि—
शेवटचा शब्द वरून सगळे एका सुरात म्हणाले. बाईचं नाव आहे. गोड आहे. कोणाचं असेल?