सुरुवातीची दहा मिनिटं

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षे काचा घासून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाला बळी न पडता, कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवत आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालं, त्यामुळे ओळी थोड्या खालीवर जातील, पण अक्षर माझंच आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, असं मी वकीलबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "चालत नसतं तर माझं ऑफिस कधीच बंद पडलं असतं." तेव्हा पुढे लिहिते. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझ्यामागे कुणीही भाषण करू नये. धाकटीने तर मुळीच करू नये. ती फार सुंदर बोलते, हीच अडचण आहे.

कलम २. काच घासायचं माझं स्वतःचं हातयंत्र, दोन्ही पक्कडी आणि नंबर तपासायच्या काचांची लाकडी पेटी ही माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षे बसलेल्या माझ्या जोडीदारणीला द्यावी. पेटीतली एक काच कमी आहे, ती तिनेच फोडली होती, म्हणून तिने तक्रार करू नये. दुकानाच्या मालकांना काहीही देऊ नये. मी घासलेल्या काचांवर त्यांनी 'अनुभवी कारागीर' अशी पाटी लावली आणि पाटीखाली स्वतःच्या मुलाचा फोटो लावला. त्या मुलाला फ्रेमचा स्क्रूसुद्धा धड बसवता येत नसे.

कलम ३. बँकेत जे काही निघेल ते डोळ्यांच्या दवाखान्याला द्यावं. पासबुक कपाटात, टॉवेलांच्या खाली आहे.

कलम ४. आईचं मनगटी घड्याळ. ते माझ्याकडे नाही, धाकटीकडे आहे, लग्नात तिलाच मिळालं. त्यामुळे ते मला कुणाला देता येत नाही असं वकीलबाई सांगतात. तरी ते मलाही आवडत होतं याची इथे नोंद व्हावी.

कलम ५. माझं राहतं घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी. या घराचं काय करायचं हे ठरवायला मला अकरा महिने लागले. कारण सांगते, म्हणजे माझ्यामागे कुणी मला विक्षिप्त म्हणणार नाही. म्हणायचंच असेल तर निदान सगळं वाचून म्हणावं.

आमचे वडील एका कारखानदाराचे ड्रायव्हर होते. महिन्यातून एका रविवारी मालक संध्याकाळनंतर गाडी वडिलांना वापरू देत. करड्या रंगाची, पुढे लांब नाकाची गाडी होती. वडील ती दुपारभर पुसत आणि अंधार पडायच्या सुमारास आम्ही गावाबाहेरच्या ड्राइव्ह-इन थिएटरला जात असू. मोकळं मैदान, समोर तीन मजली इमारतीएवढा पांढरा पडदा, आणि जमिनीला मुद्दाम दिलेले उंचवटे, म्हणजे गाडीचं नाक वर होऊन सगळ्यांना नीट दिसावं. दर दोन गाड्यांमध्ये एक खांब आणि खांबावर लोखंडी स्पीकर. तो काढून खिडकीच्या काचेला अडकवायचा. कुणी चुकून पुढचे दिवे लावले की मैदानभरातून शिव्या आणि हॉर्न. लोक टपावर चढून बसत, कुणी सतरंजी घालून आडवे होत, पोरं झोपायच्या कपड्यांतच येत. पडद्यावरचं माणूस रडलं की त्याच्या डोळ्यातला थेंब आमच्या गाडीएवढा दिसे. मी पुढे किती थिएटरं पाहिली, गारेगार, मऊ खुर्च्यांची. त्या मैदानाची सर कशालाच आली नाही.

तिकीट गाडीला नसे, माणशी असे. पाच वर्षांखालच्या मुलांना माफ होतं. धाकटी तेव्हा चार वर्षांची, मी नऊ. वडिलांनी पहिल्याच वेळी हिशेब केला आणि मला म्हणाले, "बाळ, तू शहाणी आहेस ना? आवाज नाही करायचा." मग मी डिकीत. पुढे धाकटी पाच झाली, सहा झाली, सात झाली, पण लहान चणीची म्हणून ती फाटकावर चारचीच राहिली. मी मात्र शहाणी होते आणि म्हणून डिकीत होते. आमच्या घरात शहाणपणाचं बक्षीस असंच मिळायचं.

डिकीत स्टेपनी, गोणपाट, पेट्रोलचा वास आणि मी. फाटक गेलं की वडील शेवटच्या रांगेत गाडी लावत, पण लगेच उघडत नसत. बॅटरीवाला माणूस तिकिटं तपासत रांगांमधून एक फेरी मारायचा. तो पुढे गेला की घडीची खुर्ची काढायच्या निमित्ताने वडील डिकी उघडत आणि मी सरपटत मागच्या सीटवर जाई. एवढ्यात सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असत. कधी जास्तच. सुरुवात मी लहानपणभर फक्त ऐकली, पत्र्याच्या आतून, शंभर स्पीकरांचा मिळून एक घोगरा आवाज.

पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर धाकटी. मी मागे बसले की पाच मिनिटांत हिची मान आईच्या खांद्यावर पडलेली आणि तोंड उघडं. कधीही, एकदाही, हिने एक सिनेमा पूर्ण पाहिला नाही. जागा सगळ्यात चांगली हिला आणि ही घोरते! मी आईवडिलांच्या डोक्यांमधल्या फटीतून पाहायची. फट जिकडे सरकेल तिकडे मी सरकायची. माझा किती जळफळाट व्हायचा ते मी इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिची वेणी घालायची आणि ही विचारायची, "ताई, काल काय झालं?" मग मी सांगायची. सगळे आवाज काढून, हातवारे करून. "मग घोडा नदीत घसरला." "मग?" "मग त्याच्या मालकाने उडी घेतली." "मग?" वेणी संपायची, सिनेमा संपायचा नाही. शाळेला उशीर व्हायचा. आणि सुरुवात मला माहीत नसायची, म्हणून ती मी मनाने रचायची. हिला विचारलं असतं तर हिने सांगितली असती. पण चार वर्षांच्या पोरीला विचारायचं, जिच्या जागेवर मी असायला हवी होते तिला? जीव गेला तरी विचारलं नसतं. मी बनवत गेले. स्टेशनवर कंदील घेऊन उभी असलेली बाई, दाराला अडकलेली ओढणी, पत्र वाचायच्या आधीच विझलेली मेणबत्ती, हे सगळं माझं.

लग्न झाल्यावर धाकटीच्या यजमानांनी गाडी घेतली. आपली स्वतःची, मालकाची नव्हे. पहिल्याच आठवड्यात मला त्याच थिएटरला घेऊन गेले. मला तिकीट काढलं होतं. मी मागच्या सीटवर बसले आणि त्या मैदानावर पहिल्यांदा सिनेमा सुरुवातीपासून पाहिला. एक माणूस बुटाची नाडी बांधत होता, एवढीच सुरुवात. बाकीचा सिनेमा मला आठवत नाही, कारण धाकटी पुढच्या सीटवरून सारखी मागे वळून माझ्याकडे पाहत होती. नवी कानातली घातली होती, ती दाखवायची असणार.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या वर्षी ते थिएटर पाडलं. पाडायच्या आधी जुन्या प्रेक्षकांचा एक कार्यक्रम त्याच मैदानावर झाला. धाकटीला बोलायला बोलावलं होतं. शाळेत शिकवायची, त्यामुळे चारचौघांत बोलायची सवय. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ही उभी राहिली आणि तिने घोडा सांगितला. नदीत घसरलेला माझा घोडा! घोड्याच्या मालकाची उडी सांगताना डावा हात जसा मी फिरवायची तस्साच फिरवला. लोक श्वास रोखून ऐकत होते. एकीने डोळे पुसले. मग हिने स्टेशनवरची कंदीलवाली बाई सांगितली. ती बाई कुठल्याच सिनेमात नव्हती, ती माझ्या डोक्यातली होती, आणि ही म्हणते, "मला अजून डोळ्यांसमोर दिसते!" म्हणजे जी दहा मिनिटं मला जन्मात मिळाली नाहीत, ती हिला दर महिन्याला फुकटात मिळाली, आणि हिने ती विसरून त्या जागी माझी थाप ठेवली. असा संताप आला की खुर्चीचा हात धरून बसले.

शेवटी म्हणाली, "आणि आमच्या ताईला ना, बाबा डिकीत लपवायचे! काय मज्जा यायची!" मैदानभर हशा पिकला. टाळ्या. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्हीही यायचात का हो इथे?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो होता. मी ते वर्तमानपत्र ओल्या चपलांखाली घातलं.

कलम ६. वरील सगळ्याचा विचार करून माझं राहतं घर मी धाकट्या बहिणीलाच देत आहे. ती विधवा आहे, मुलाच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण लपवते. हे ती कुणाला सांगत नाही, पण मला दिसतं. माझ्या डोळ्यात औषध घालायला ती दिवसाआड दोन बस बदलून येते आणि थेंब नेमका घालते, हेही मान्य करते. ती वाईट नाही. तिच्या वाट्याला सगळं आलं एवढंच माझं म्हणणं आहे.

मात्र एक अट आहे. यापुढे त्या थिएटरची कोणतीही आठवण कुणालाही सांगताना तिने आधी म्हटलं पाहिजे, "हे ताईने पाहिलं आणि मला सांगितलं. मी झोपले होते." एकदा जरी चुकली तर घर कलम २ मधल्या माझ्या जोडीदारणीला जावं.

वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे तपासणार कोण?"

मी म्हटलं, "मी."

"अहो, पण तेव्हा तुम्ही नसाल."

"मग तुम्ही तपासा. फी लावा."

त्या म्हणाल्या की कोर्टात ही अट टिकणं कठीण आहे. न टिकू दे. तिने वाचली तरी पुरे.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

लिहून देणार: चष्मेवाल्या बाई (सही)
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ मार्च, रविवार, सकाळी अकरा

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा शिंपी (सही)

वकिलांची नोंद: दुसरे साक्षीदार, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, गुडघा धरल्याने खाली उतरू शकले नाहीत. लिहून देणाऱ्या बाईंनी सही केली त्या वेळी त्यांच्या धाकट्या भगिनी औषध घालण्यासाठी खोलीत हजर होत्या. थेंब घातल्यावर थोरल्या बाईंना डोळे मिटून बसावं लागतं. तेवढ्या वेळात धाकट्या बाईंनी टेबलावरचा हा कागद उचलून वाचला. मी हरकत घेतली, ती त्यांनी ऐकली नाही. वाचून झाल्यावर "दुसरी सही मी करते," असं म्हणाल्या. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्राखाली काहीही घेता येत नाही, घरसुद्धा नाही, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी पेन मागितलं.

साक्षीदार दुसरी: ताई, मी झोपायचे हे अगदी खरं आहे, त्याला मी साक्ष आहे. पण सुरुवात मीही कधी पाहिली नाही गं. तू डिकीत असायचीस तोवर मी आईच्या मांडीवर उलटी उभी राहायचे, मागे तोंड करून. आई म्हणायची, पडद्याकडे बघ. मी नाही बघायचे. आत तुला श्वास घेता येतोय का तेच कळायचं नाही आणि बाबा म्हणायचे, बोलायचं नाही, पकडतील. मग डिकी वाजायची, तू मागे येऊन बसायचीस, आणि मला अशी झोप यायची की विचारू नकोस. त्या दिवशी मज्जा म्हणाले, कारण खरं सांगितलं असतं तर तिथेच रडले असते. कंदीलवाली बाई तुझी आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती सिनेमात होती. तू सांगितलंस म्हणून. घराचं वकीलबाईंनी सांगितलं, समजलं मला. सही करते. (सही)

लिहून देणारीची पुढची नोंद, त्याच दिवशी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं: डोळे उघडून वरचं वाचलं. दोनदा वाचलं. हे मृत्युपत्र मी रद्द करत आहे, सगळ्या कलमांसकट. नवं उद्या लिहीन. घर धाकटीचं, कोणतीही अट नाही. वकीलबाई, उद्या साक्षीदार दोन्ही बाहेरचे आणा, आणि पोस्टमास्तरांना जमणार नसेल तर आपण वर जाऊ. धाकटीला सहीच्या जवळपास फिरकू देऊ नका.
(सही)